पोटुशी म्हणजे बी

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीच्या शिक्षकानं परीक्षा केंद्राकडे फिरकू नये, असा दंडक आहे. तो मला तोंडपाठ आहे. तरीही त्या दिवशी मी केंद्राच्या फाटकापासून लांब, रस्त्यापलीकडे, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. परीक्षा असली की अशी दुकानं बंद ठेवायला लावतात, त्यामुळे पायरी रिकामी होती. मार्चचं ऊन चांगलंच चढलं होतं, तरी मी तिथून हलले नव्हते.

मी भित्री आहे, हे आधीच कबूल करून टाकते. वर्गात माझा आवाज तीन खोल्या पलीकडे जातो, पोरं माझ्या पाठीमागे मला तोफ म्हणतात आणि ते मला आवडतं. पण एखाद्या साहेबाची गाडी शाळेच्या आवारात वळली की ही तोफ थंड पडते. वीस-बावीस वर्षं नोकरी झाली, तरी हजेरीपट दाखवताना माझं बोट थरथरतं. चूक केलेली नसते, तरी थरथरतं. त्या दिवशी तर मी चूक केली आहे की नाही, हेच मला नक्की ठाऊक नव्हतं.

आत माझी एक विद्यार्थिनी पेपर देत होती. तिच्या शेजारी एक लेखनिक, म्हणजे तिनं सांगायचं आणि त्या मुलीनं लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून आमच्याच शाळेतली नववीतली एक धीट पोरगी मी शोधून काढली होती. दोघींना त्या सकाळी जीपनं मीच घेऊन आले होते. इंग्रजीत पास झाली तर माझ्या विद्यार्थिनीला शिवणकामाच्या आयटीआयला अर्ज करता येणार होता. नाही झाली तर पुढच्या दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला. हे तिनंच मला सांगितलं होतं. तक्रारीचा सूर नव्हता त्यात, एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

परीक्षा केंद्र केनवडला होतं, आमचं गाव तिथून जीपनं वीसेक मिनिटांवर. ही मुलगी आठवीत आमच्याकडे आली तेव्हा तिचे आईबाप तोडीवर गेलेले आणि ती मावशीकडे राहत होती. तोंडी गणितं धडाधड सोडवायची. सोयाबीनचं कुठलं वाण कुठल्या वावरात चालतं यावर माझ्याशी वाद घालायची. पण पुस्तक उघडलं की संपलं. मराठी कसंबसं लागायचं, इंग्रजी अजिबात नाही. बी आणि डी तिच्या डोळ्यांपुढे एकमेकांच्या जागा घ्यायचे, एम आणि एन सारखेच दिसायचे. आधी मीही तिला आळशी समजून ओरडले आहे. ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो. नंतर एका प्रशिक्षणात अध्ययन अक्षमता हा शब्द कानावर पडला, आणि माझ्या आधीच्या वर्गांतली चार-पाच पोरं एकदम डोळ्यांपुढे उभी राहिली. कोणी शाळा सोडून गेलेलं, कोणी ट्रॅक्टरवर लागलेलं. त्यांनाही मी आळशीच म्हणाले होते.

मग या मुलीला घेऊन अकोल्याच्या खेपा झाल्या, तपासण्या झाल्या, दाखला मिळाला. लेखनिक मिळाला, जादा वेळ मिळाला. पण वाचायचं तर तिलाच होतं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या खोलीत मी तिला रोज पाऊण तास बसवायची. आधी काठी, मग गोळा, तो बी. आधी गोळा, मग काठी, तो डी. शंभरदा सांगितलं असेल. मान डोलवायची आणि पुढच्या ओळीत पुन्हा चुकायची.

एक दिवस वैतागून मी खडू खाली टाकला. ती फळ्याकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम, हे बाई पोटुशी हाय."

"कोणती बाई?"

"हे." तिनं बीवर बोट ठेवलं. "अशी तिकडं चालली हाय. पोट समोर आलं तिचं." मग डीवर बोट. "आन हे भारेवाली. तेबी तिकडंच चालली, पन हिच्या पाठीवर भारा हाय."

मी फळ्याकडे पाहतच राहिले. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणजे सगळ्या बायका उजवीकडे चाललेल्या. एकीचं पोट पुढे, एकीच्या पाठीवर चाऱ्याचा भारा. इतकं सोपं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी तिला त्या दिवशी घरी जाऊच दिलं नाही लवकर. पी झाला झेंडा. एच झाली खुर्ची. एम तीन फणांचा, म्हणून तिफण, तिच्या घरच्या पेरणीच्या अवजारासारखा. एन दोन फणांचा, म्हणून दुफण. ओ भाकर, एस नागोबा, ई कान. काही नावं तिची, काही माझी. महिनाभरात सव्वीसच्या सव्वीस झाली. 'पोटुशी, कान, भारेवाली' असं म्हणत तिनं 'बेड' वाचला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांना चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

सांगितलं नाही, कारण भीती. पोटुशी हा शब्द इंग्रजीच्या तासाला कुणी ऐकला असता तर काय म्हणाले असते? हे कुठल्या पुस्तकात आहे, कुणाच्या परवानगीनं आहे, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला म्हणायची, मनातल्या मनात म्हण. तिला मनातल्या मनात जमायचं नाही. ओठ हलल्याशिवाय तिला अक्षर सापडत नव्हतं.

परीक्षेच्या आधी दोन महिने लेखनिक मुलगीही सरावाला येऊ लागली. आमच्या पेपरात पहिल्याच प्रश्नात अक्षरांचा खेळ असतो. गाळलेली अक्षरं भरा, दिलेल्या शब्दातल्या अक्षरांतून नवे शब्द करा, असलं. तिथं स्पेलिंग तोंडानं सांगावं लागतं. बी, डी, पी, टी हळू आवाजात सांगितलं की सगळं एकसारखंच ऐकू येतं. लेखनिक दरवेळी विचारायची, "कोनता वं?" शेवटी तीही ती नावं शिकली. झेंडा म्हटलं की पी लिहायची, तिफण म्हटलं की एम. गाडी एकदम सुरळीत चालू झाली. तिघींचं ते गुपित होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. हे सगळं मी ठरवून केलं होतं, हे इथं स्पष्ट लिहायला हवं.

तर मी पायरीवर बसले होते. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. एक पांढरी गाडी आली आणि फाटकातून थेट आत गेली. भरारी पथक. स्वतःला सांगितलं, सगळ्याच केंद्रांवर जातात, आपल्याला काय त्याचं. मग डोक्यात एकदम लख्ख झालं. आत्ता, या क्षणाला, एका शांत वर्गात माझी मुलगी 'पोटुशी' म्हणत असेल आणि दुसरी ते ऐकून लिहीत असेल. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ते कसं ऐकू येईल?

हा विचार आधी माझ्या डोक्यात आलाच नव्हता. वर्षभर मी पोटुशी शब्दाला लाजत होते, लोक हसतील म्हणून घाबरत होते. ही सांकेतिक भाषा वाटेल, हे मला सुचलं नव्हतं. नको त्या गोष्टीला घाबरत बसले आणि घाबरायची गोष्ट शेजारून निघून गेली. मी उठून उभी राहिले, परत बसले.

दहा मिनिटांनी शिपाई धावत बाहेर आला. रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे.

"त्या लेखनिकवाल्या पोरीच्या मॅडम तुमीच काय जी?"

नाही म्हणावं, असं वाटलं. खरंच वाटलं.

"पोरगी म्हने, मॅडम बाहेर बसल्या हायेत. चला, साहेबानं बलावलं."

केंद्रसंचालकांच्या खोलीत पथकाचे साहेब खुर्चीत बसले होते. हळू बोलणारा माणूस. ओरडणाऱ्या साहेबाची मला सवय आहे, हळू बोलणाऱ्याची नाही. केंद्रसंचालक बाजूला उभे, कपाळाचा घाम पुसत. भिंतीशी माझ्या दोन्ही मुली. लेखनिक रडत होती, धीटपणा पार गळालेला. माझी विद्यार्थिनी रडत नव्हती, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचा पेपर वर्गात पडला होता आणि भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं.

टेबलावर एक कागद होता. वर्गावरच्या पर्यवेक्षक बाईंनी त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: पोटुशी, खुर्ची, तिफण, झेंडा, भाकर. खाली तारीख आणि सही. आमचे शब्द असे शासकीय कागदावर उतरले होते.

"या मुलीनं हे शब्द म्हणायचे आणि त्या मुलीनं लिहायचं, असं चाललं होतं," साहेब म्हणाले. "दोघींना शब्द आधीपासून माहीत आहेत. हे काय आहे, मॅडम?"

मी तो कागद उचलून पुन्हा टेबलावर ठेवला.

"उत्तरं ठरवून आणली असतील तर कॉपीची केस होते. मुलीवर होते, लेखनिकावर होते. आणि शिक्षकानं शिकवलं असेल तर तुमच्यावर आधी होते. सरळ विचारतो. हे शब्द तुम्ही शिकवले का?"

हो म्हणायचं आणि समजावून सांगायचं, दोन मिनिटांचं काम होतं. फळ्यावर एक बी काढला असता तरी पुरलं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा डोक्यात फक्त चौकशी, नोटीस, निलंबन हेच शब्द फिरत होते. वर्तमानपत्रात येईल, शाळेचं नाव जाईल, घरी काय सांगू. मुलीचा विचार त्यात कुठं होता, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नव्हता.

"नाही सर," मी म्हणाले. "मला याबद्दल काही माहिती नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मान किंचित तिरपी करून, एखाद्या न लागणाऱ्या शब्दाकडे बघते तशी. मग ती साहेबांकडे वळली.

"मॅडमले नाई माहीत, साहेब. मीच बनवले ते. तिले बी मीच शिकवले." तिनं लेखनिकाकडे बोट केलं. "कॉपी नाई करून राह्यलो आमी. अक्षरं होत ते."

"अक्षरं?"

"कागद द्या, दाखवतो." आमच्याकडे मुलीही दाखवतो, करतो असंच बोलतात. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. तिनं मोठा बी काढला आणि सांगितलं की ही पोटुशी. केंद्रसंचालक खोकले. मग भारेवाली काढली, झेंडा काढला, एम काढून त्याच्या तीन फणांवर बोट फिरवलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि स्वतः एक शब्द लिहिला. ती ओठ हलवत त्यावरून गेली, नागोबा, खुर्ची, भाकर, झेंडा, आणि म्हणाली, "शॉप. दुकान." आणखी एक लिहिला. तोही तिनं वाचला. तिसऱ्याला अडली, पण कुठं अडली ते नीट सांगितलं.

साहेब जरासे हसले. "आमच्या घरी होती तिफण," ते केंद्रसंचालकांना म्हणाले. मग परत गंभीर झाले. केस करायची नाही, पण मुलीनं उरलेला पेपर ए, बी, सी, डी म्हणूनच सांगायचा, हे असले शब्द चालणार नाहीत. गेलेला वेळ तिला भरून द्यायचा.

आता धोका टळला होता. आता तरी मी बोलायला हवं होतं. सर, ही खोटं बोलतेय माझ्यासाठी, अर्धे शब्द माझे आहेत, आणि याच शब्दांवर ती वाचते, ते काढून घेऊ नका. वाक्य जिभेवर तयार होतं. पण मघाशी नाही म्हणाले होते ना. एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला दुप्पट हिंमत लागते, माझ्याकडे तर मुळात एकपटही नव्हती. साहेबांनी फाइलसाठी दोन ओळी लिहून मागितल्या. मी लिहिल्या. 'सदर शब्द शाळेत शिकवले जात नाहीत. मला त्याविषयी माहिती नाही.' खाली सही केली. त्या सहीला माझं बोट अजिबात थरथरलं नाही, हेही सांगून टाकते.

मुली वर्गात गेल्या. मी परत पायरीवर येऊन बसले. पुढचे तास मी कसे काढले ते सांगता येणार नाही. तिच्या हातातून तिचे शब्द काढून घेतले होते आणि ते काढणाऱ्याला मी सहीनं दुजोरा दिला होता. ती आता एम आणि एनमध्ये कशी उभी असेल? ओठ हलवायला भीत असेल का? पर्यवेक्षक बाई तिच्या डोक्याशी उभ्या असतील का? दर थोड्या वेळानं मी घड्याळ पाहत होते. बाकीची मुलं सुटली, फाटकात गर्दी झाली, ओसरली. या दोघी सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या.

"कसा गेला?" मी विचारलं.

"गेला," ती म्हणाली.

निकाल लागला तेव्हा ती पास झाली. इंग्रजीत काठावर, पण पास. आयटीआयला तिचा नंबरही लागला. लोक मला विचारतात, ही पोरगी तुम्ही पास कशी करून घेतली हो मॅडम, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. कारण मला निकालाचा दिवस आठवत नाही, त्या दुपारची परतीची जीप आठवते.

जीप गच्च भरलेली होती. लेखनिक मुलगी पुढे ड्रायव्हरजवळ बसली आणि झोपून गेली. आम्ही दोघी मागे, समोर दोन म्हाताऱ्या आणि त्यांची गाठोडी. मी शब्द जुळवत होते. माफ कर म्हणावं तर समोर माणसं. शिवाय एवढ्याशा पोरीला माफ कर कसं म्हणायचं, हाही अहंकार होताच. निम्मा रस्ता गेला. शेवटी तीच बोलली, खिडकीबाहेर बघत, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"मॅडम, तुमाले भेव वाटलं."

"हो," मी म्हणाले.

"मले मालूम हाय ते. पयलीपासून मी बी तसंच करतो." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "बाई वाचाले उभं करे. एखांदा शब्द मले येत राहे, तरी मी म्हनो, नाई येत. नाई येत म्हनलं का बाई पुढच्या पोरीकडं जाये. आपन सुटलो. लय बरं वाटे, मॅडम. पन मंग दिवसभर बरं नाई वाटत."

समोरच्या म्हातारीनं गाठोडं सावरलं. मी तिचं गाठोडं धरल्यासारखं केलं, तोंड वळवता यावं म्हणून.

"तुमाले बी आता बरं नाई वाटून राह्यलं ना?"

"नाही वाटत."

तिनं ओढणी खांद्यावर सारखी केली. मग, आदल्या दिवशीचा गृहपाठ राहिला असेल तर कसा पुरा करायचा हे मी तिला सांगायची, त्याच सुरात मला म्हणाली, "मंग गनिताच्या पेपरले आलो का सांगून देजा त्या सायबाले. लय काही करत नाई तो. चांगला हाय."

गणिताच्या पेपरला मी दोघींसोबत गेले नाही. तब्येत बरी नाही म्हणून शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना पाठवलं. त्यानंतरही कुणाला सांगितलं नाही. माझ्या सहीचा तो कागद कुठल्या तरी फाइलमध्ये अजून असेल. प्रयोगशाळेच्या खोलीत यंदा दुसरी दोन पोरं बसतात, त्यांना मी पोटुशी आणि भारेवाली शिकवते, दार लावून. आणि हे आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेही नाव न घालता.